दीपगृहाच्या राखणदाराला तीस कोटी पगार? नाही.

‘जगातली सर्वांत सोपी नोकरी’ अशा मथळ्याचा एक मेसेज गेली काही वर्षं मोबाईलवर फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ फेरोस नावाचं दीपगृह आहे. तिथल्या राखणदाराला वर्षाला ३० कोटी रुपये पगार मिळतो. काम एकच, दिवा विझू द्यायचा नाही. बाकीचा वेळ झोपा, मासे धरा, डोक्यावर साहेब नाही. तरी कुणी जायला तयार नाही, कारण तिथं माणूस एकटा पडतो आणि वादळात लाटा मनोऱ्याच्या वरून जातात. शेवटी एका कप्तानाची गोष्ट येते: त्याचं जहाज खडकांत सापडलं, म्हणून त्यानं जगातलं पहिलं दीपगृह बांधवून घेतलं. सोबत एक फोटो असतो. प्रचंड लाटेनं मनोरा वेढलेला आणि खाली दारात एक माणूस उभा.

हा मेसेज यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, अभ्यासिकेच्या ग्रुपवर आला. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक यांची तयारी करणारी पोरं-पोरी त्या ग्रुपवर आहेत. घरी कापूस आणि सोयाबीन, भावाचा भरवसा नाही, आणि एका जागेसाठी हजारो अर्ज. त्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. एकानं लगेच विचारलं, “ताई, याचा फॉर्म कधी निघते?” दुसऱ्यानं लिहिलं, “एवढा पगार हाय तं लोक जात काहून नाहीत?” दोघंही मनापासून विचारत होते, म्हणून उत्तरही तितक्याच मनापासून द्यायला हवं. मेसेजमधलं एकेक वाक्य घेते.

“फेरोसच्या दीपगृहावर नोकरी आहे.” ते दीपगृहच आज उभं नाही. अलेक्झांडरनं इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये अलेक्झांड्रिया वसवलं. तिथला किनारा सपाट, समुद्रातून येणाऱ्याला खूण पटावी असा डोंगर नाही आणि बंदराच्या तोंडाशी खडक. म्हणून समोरच्या फेरोस बेटावर, अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी घराण्याच्या राजांनी मनोरा उभारायला घेतला आणि इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास, दुसऱ्या टॉलेमीच्या काळात, तो पुरा झाला. स्निडस या ग्रीक शहरातल्या सोस्ट्रेटसचं नाव त्या कामाशी जोडलं जातं. उंची शंभर मीटरच्या वर असावी असा अंदाज आहे, आणि प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत तो गणला जाई. पुढं भूकंपांनी त्याला खिळखिळं केलं. ९५६ मध्ये बरंच नुकसान झालं. १३०३ आणि १३२३ च्या धक्क्यांनंतर तो उभा राहण्याच्या लायकीचा उरला नाही. प्रवासी इब्न बतूता १३२६ मध्ये तिथं गेला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती. १३४९ मध्ये पुन्हा गेला तेव्हा आत शिरायलाही वाट नव्हती. १४७७ मध्ये सुलतान काइतबे यानं त्याच जागेवर किल्ला बांधायला घेतला आणि पडलेल्या मनोऱ्याचे दगड त्यात वापरले. तो किल्ला आजही आहे, लोक तिकीट काढून पाहतात. १९९४ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्याँ-इव्ह एम्परर यांच्या बुडी मारणाऱ्या पथकाला किल्ल्याजवळच्या पाण्यात मनोऱ्याचे अजस्र दगड आणि पुतळे सापडले. म्हणजे ज्या दिव्याची राखण करायला ३० कोटी मिळतात म्हणे, तो सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच विझला आहे.

“पगार ३० कोटी.” वर्षाला ३० कोटी म्हणजे महिन्याला अडीच कोटी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आपल्या देशात सरकारी नोकरीतलं सर्वांत वरचं पद कॅबिनेट सचिवाचं, आणि त्याचं मूळ वेतन महिन्याला अडीच लाख. मेसेजमधला राखणदार त्याच्या शंभरपट कमावतो. राष्ट्रपतींचा पगार २०१८ पासून महिन्याला ५ लाख आहे, त्याच्याही पन्नासपट. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याच्या वहीत हे दोन्ही आकडे असतातच. मेसेज पुढं पाठवण्याआधी एक भागाकार केला तरी पुरे होतं.

खऱ्या राखणदारांना काय मिळत होतं तेही सांगते. अमेरिकेच्या संसदेनं १८६७ मध्ये दीपगृह राखणदारांचा सरासरी पगार वर्षाला ६०० डॉलर ठरवला आणि पुढं कितीतरी वर्षं तो हलला नाही. ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट बंदरात लाइम रॉक नावाच्या दीपगृहावर आयडा लुईस होत्या. वडील अर्धांगवायूनं खिळले, तेव्हापासून दिवा घरातल्या बायकाच सांभाळत होत्या. वल्ह्याच्या होडीतून जाऊन आयडांनी निदान १८ जणांना बुडताना बाहेर काढलं. १८७९ मध्ये त्यांची रीतसर नेमणूक झाली. त्यांना वर्षाला ७५० डॉलर मिळत आणि त्या काळी तो देशातल्या राखणदारांमधला सर्वांत मोठा पगार मानला जाई. अठरा जीव वाचवणाऱ्या बाईचा हा पगार. आपल्याकडेही दीपगृहांवरची माणसं केंद्र सरकारची कर्मचारी आहेत आणि त्यांना इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसारखीच वेतनश्रेणी मिळते.

“काम काहीच नाही, फक्त दिवा चालू ठेवायचा.” माझा खरा राग या वाक्यावर आहे. पगाराचा आकडा खोटा असला तरी तो कुणाचा अपमान करत नाही. हे वाक्य करतं.

दिवा चालू-बंद करणं एवढंच ते काम असतं, तर त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच माणसाची गरज संपली होती. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी १९०७ मध्ये एक झडप तयार केली. उजेड पडला की ती गॅस बंद करायची, अंधारलं की सोडायची. माणूस नाही, वीज नाही. याच कामासाठी त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी गॅसच्या एका स्फोटात त्यांचे डोळे गेले होते. पण ही झडप आल्यावरही मोठ्या दीपगृहांवर माणसं राहिली, कारण त्यांचं काम दिव्याच्या कितीतरी पलीकडे होतं.

तेलाच्या काळातली एक रात्र घ्या. सूर्यास्ताला दिवा पेटवायचा आणि रात्रभर आळीपाळीनं पहारा द्यायचा. वात काजळली की कापायची, नाहीतर उजेड मंदावतो आणि काच काळी होते. दिव्याभोवती फ्रेनेलचं भिंग. फ्रेंच अभियंता ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी ते बसवलं १८२३ मध्ये, फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहावर. काचेच्या अनेक लोलकांची ती रचना सगळा उजेड गोळा करून एका दिशेला फेकते. सर्वांत मोठ्या प्रतीचं भिंग अडीच मीटरहून उंच असतं, माणूस आत उभा राहतो. त्या काचेवर ओरखडा पडू नये म्हणून अमेरिकेत राखणदारांनी कामाच्या वेळी लिननचा एप्रन घालायचा नियम होता. कपड्याची गुंडी लागली तरी नुकसान. दिवस उगवला की भिंगावर आणि खिडक्यांवर पडदे ओढायचे, कारण तेच भिंग उलट्या बाजूनं ऊन गोळा करून दिव्याच्या जागी आग लावू शकतं. नंतर सगळी काच पुसायची, पितळ घासायचं, रात्रीसाठी तेल जिने चढून वर न्यायचं.

भिंग फिरवण्यासाठी घड्याळासारखं यंत्र असे. मनोऱ्याच्या पोटातून जड वजन खाली सरकत जाई आणि भिंग फिरे. ते वजन हातानं पुन्हा वर ओढायचं, कुठं दर अर्ध्या तासानं, कुठं काही तासांनी. झोप लागली, वजन तळाशी गेलं की भिंग थांबलं. भिंग थांबणं ही साधी गोष्ट नव्हती. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याचा ठेका वेगळा असतो आणि तो खलाशाच्या नकाशावर लिहिलेला असतो. किती सेकंदांनी उजेड आला हे मोजून तो ठरवतो की समोर कोणतं दीपगृह आहे आणि खडक कुठल्या अंगाला आहेत. ठेका चुकला तर चुकीच्या जागेचा भास होतो. अंधारापेक्षा ते वाईट.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगवायला सुरुवात झाली. कित्येक टनांचं भिंग बोटानं ढकललं तरी फिरू लागलं. पण पाऱ्यात धूळ साचे, तो कापडातून गाळून घ्यावा लागे, आणि बंद खोलीतली त्याची वाफ रोज फुप्फुसात जाई. ती विषारी असते हे आज आपण शाळेत शिकतो. ते लोक त्याच खोलीत रात्री काढत होते.

हरभऱ्याच्या दिवसांत आपली माणसं जागलीला जातात. माळ्यावर बसायचं, रात्रभर बॅटरी फिरवायची, रोही आणि रानडुकरं हाकलायची. कुणी त्यांना म्हणालं की तुमचं काय, नुसतं बसायचंच तर आहे, तर गावातला एकही माणूस ते ऐकून घेणार नाही. डोळा लागला त्या रात्री पीक गेलं, हे इथं पोरालाही ठाऊक असतं. दीपगृहाच्या राखणदाराबद्दल तेच बोललेलं मात्र आपण हसून पुढं पाठवतो.

अभ्यासिकेतल्या मुलींसाठी एक नाव मुद्दाम लिहिते, ॲबी बर्जेस. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर मॅटिनिकस रॉक नावाचा उघडा खडक आहे. १८५६ च्या जानेवारीत तिचे वडील सामान आणायला गेले आणि वादळामुळं परत येऊ शकले नाहीत. ॲबी सोळा वर्षांची. आई आजारी, बहिणी लहान. पाणी खडकावर चढलं आणि त्यांचं जुनं घर वाहून गेलं. तिनं सगळ्यांना मनोऱ्यात नेलं, त्याआधी पाण्यातून धावत जाऊन कोंबड्याही टोपलीत भरून आणल्या. तिथं दोन मनोरे होते. कित्येक आठवडे तिनं दोन्हीकडचे दिवे रोज रात्री पेटते ठेवले. पुढं तिनं आयुष्यभर हेच काम केलं. “फक्त दिवा चालू ठेवायचा” हे तिच्यासमोर बोलून दाखवावं कुणी.

“तिथं माणूस एकटा पडतो, जीव जातो.” यातलं थोडं खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण सगळी दीपगृहं खडकावरची नसतात. बहुतेक किनाऱ्यावर असतात, तिथं राखणदार बायकामुलांसह राहत, भाजी लावत, गाय-कोंबड्या पाळत. भर समुद्रातल्या खडकावर मात्र बहुतेक ठिकाणी फक्त पुरुषांची तुकडी, काही आठवडे तिथं आणि मग घरी. वादळ लागलं की बदलीची होडी येत नसे आणि आठवडे लांबत.

अशा ठिकाणी दोघांनाच ठेवायचं नाही हा नियम एका भयंकर अनुभवातून आला. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर स्मॉल्स नावाच्या दीपगृहावर १८०१ च्या सुमारास दोन राखणदार होते, थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ. दोघांचं पटत नाही हे सगळ्यांना माहीत. ग्रिफिथ अचानक मेला. मृतदेह समुद्रात सोडला तर आपण खून केला असं लोक म्हणतील या भीतीनं हॉवेलनं लाकडाची पेटी करून तो बाहेर बांधून ठेवला. हवामान खराब, होडी कित्येक दिवस आली नाही. त्या अवस्थेतही त्यानं दिवा चुकवला नाही. किनाऱ्यावर आला तेव्हा ओळखीच्या माणसांनाही तो ओळखू आला नाही, असं सांगतात. त्यानंतर ब्रिटनमध्ये खडकावरच्या दीपगृहांवर दोनाऐवजी तिघं ठेवू लागले.

तिघं असूनही घात झालेला आहे. स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटावर डिसेंबर १९०० मध्ये जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर हे तिघं नाहीसे झाले. २६ डिसेंबरला बदलीचं जहाज पोचलं तेव्हा दीपगृह रिकामं होतं. चौकशीत निष्कर्ष निघाला की धक्क्यावरचं सामान सांभाळायला गेलेल्यांना लाटेनं ओढून नेलं असावं. इंग्लंडच्या एडिस्टोन खडकावरचं पहिलं दीपगृह बांधणारा हेन्री विन्स्टनली १७०३ च्या महावादळात आपल्या दीपगृहासकट वाहून गेला. तेव्हा धोका खोटा नाही. पण धोका होता आणि तरीही माणसं जात होती. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

फोटोही पाहून घेऊ. तो इजिप्तचा नाही. तो फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातला, ऊशाँ बेटाजवळच्या ला झ्युमाँ दीपगृहाचा. फोटोग्राफर ज्याँ गिशार यांनी २१ डिसेंबर १९८९ ला हेलिकॉप्टरमधून काढलेला. दारात उभे आहेत ते राखणदार तेओदोर मालगोर्न. वादळानं खालच्या खिडक्या फुटल्या होत्या, पाणी आत शिरलं होतं आणि ते सुटकेच्या हेलिकॉप्टरची वाट पाहत होते. आवाज ऐकून त्यांनी दार उघडलं, तेव्हाच मागून लाट आली आणि त्यांनी झटकन दार लावून घेतलं. मालगोर्न वाचले. आपण मात्र त्यांचं नाव पुसून, त्यांना सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरच्या इजिप्तमध्ये नेऊन, खोट्या पगाराखाली त्यांचा फोटो चिकटवतो. ला झ्युमाँ १९९१ मध्ये पूर्ण स्वयंचलित झालं.

“कुणी जायला तयार नाही.” जागाच उरल्या नाहीत, म्हणून माणसं दिसत नाहीत. वीज, मग सौर पॅनेल, दूरवरून नियंत्रण आणि उपग्रहावरून दिशा कळणं, या सगळ्यामुळं राखणदार हटले. ब्रिटनमधलं शेवटचं राखणदार असलेलं दीपगृह नॉर्थ फोरलँड, तिथून माणसं उतरली २६ नोव्हेंबर १९९८ ला. अमेरिकेत बोस्टनच्या दीपगृहावरच्या शेवटच्या अधिकृत राखणदार सॅली स्नोमन २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाल्या. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अजून काही ठिकाणी माणसं आहेत.

आपल्या देशाचंही ऐकून ठेवा, परीक्षेत उपयोगी पडेल. दीपगृहांचा कारभार दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालय पाहतं. मुख्यालय नोएडाला, म्हणजे तेही समुद्रापासून दूरच. आधी १९२७ चा दीपगृह कायदा होता, त्याच्या जागी २०२१ चा सागरी दिशादर्शन साधनांचा कायदा आला. देशात सुमारे २०० दीपगृहं आहेत. तिथल्या कर्मचाऱ्याला नेव्हिगेशनल असिस्टंट म्हणतात. त्याला बॅटऱ्या, जनरेटर, रेडिओ, जहाजांची ओळख पटवणारी यंत्रणा हे सगळं सांभाळावं लागतं. महाराष्ट्रात जयगड, देवगड, रत्नागिरी, कोर्लई अशी दीपगृहं किल्ल्यांच्या सोबतीनं उभी आहेत. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह १८६७ चं, आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. ज्या खांदेरीवर शिवाजी महाराजांच्या माणसांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तटबंदी उभारली, तेच हे बेट.

म्हणून फॉर्म कधी निघतो याचं उत्तर असं: इजिप्तचा कधीच निघणार नाही. आपल्या महासंचालनालयाची भरती निघाली तर ती केंद्र सरकारच्या अधिकृत जाहिरातीतून निघेल, पात्रता आणि परीक्षा असेल, आणि पगार केंद्राच्या वेतनश्रेणीचा असेल. चांगली नोकरी आहे. जरूर भरा.

कप्तानाची गोष्ट दोन ओळींत संपते. फेरोसचं दीपगृह टॉलेमी राजांनी बांधलं, राज्याच्या खजिन्यातून, व्यापाराच्या बंदरासाठी. आणि त्याच्याही आधीपासून लोक रात्री उंच जागेवर आग पेटवून होड्यांना वाट दाखवत होते.

आता एक गोष्ट राहिली. आमच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजच्या दुसऱ्या एका रूपात खाली लिंक होती आणि ‘नोंदणी शुल्क’ मागितलं होतं. मेसेज गमतीचा म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येते. नोंदणी असलेला एजंटही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. व्हॉट्सॲपवरच्या लिंकवर, क्यूआर कोडवर पैसे मागणारा एजंट नसतोच. पैसे भरले असतील तर लाजेनं गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा आणि ठाण्यात तक्रार द्या. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम खात्यातच रोखली जाण्याची शक्यता असते. फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर संध्याकाळी अभ्यासिकेत या, मी सोबत येते.